आबांचं वजन आणि माझं

ज्या महिन्यात मी साडेचार किलो वजन कमी केलं, त्याच महिन्यात माझे वडील सात किलो कमी करून आमच्याकडे जळगावला राहायला आले. मी त्यासाठी भाकरी, पोळी, भात, साखर आणि माणसांशी नीट बोलणं एवढं सोडलं होतं. आबांनी काहीच सोडलं नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं.

आधी माझं सांगतो. मी एका पाईपच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. पाईपची जाडी मोजायची, ठरलेल्या मापात बसली तर पुढे, नाही बसली तर बाजूला. वय एक्कावन्न. कारखान्यात दरवर्षी आमचीही तपासणी होते. गेल्या वर्षीच्या कागदावर माझं वजन चौऱ्याण्णव किलो, साखर काठावर, रक्तातली चरबी वर आणि यकृतावरही थोडी चरबी, असं आलं. म्हणजे पाईप असतो तर मी बाजूला पडलो असतो. डॉक्टर म्हणाले, "वजन कमी करा." कसं करायचं ते सांगितलं नाही. मागे रांग होती.

कसं करायचं ते आमच्याच विभागातल्या एकाने सांगितलं. त्याने मोबाईलवर बरंच पाहिलं होतं. त्याच्या मते माणसाच्या सगळ्या दुःखाचं मूळ कार्ब. भाकरी म्हणजे कार्ब, भात म्हणजे कार्ब, केळी तर विचारूच नका. तूप, पनीर, लोणी, मलई हे सगळं चालेल, उलट जास्त खा. मला हा मार्ग पटला, कारण त्यात तूप होतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं, "आजपासून मला भाकरी-पोळी नको."

ती कणीक मळत होती. म्हणाली, "मग भाजी कशाबरोबर खाणार?"

"नुसती."

"बरं," ती म्हणाली आणि एक गोळा कमी केला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली आहेत. माझ्या निर्णयांवर ती लगेच काही बोलत नाही, आठवडाभर थांबते.

पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरलं. मी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात एक. तिसऱ्या आठवड्यात अर्धा. त्यानंतर काटा हलेना, आणि खरं सांगायचं तर पोटही हलेना. सकाळी मी इतका वेळ आत बसायचो की बायको बाहेरून विचारायची, "आहात ना?" डोकं दुखायचं. तोंडाला वास यायचा. कारखान्यात मी त्या महिन्यात इतके पाईप बाजूला काढले की साहेबांनी माझं मोजायचं यंत्र तपासायला पाठवलं. यंत्र बरोबर निघालं.

थंडीचे दिवस होते. मित्राच्या मळ्यात भरताची पार्टी होती. काड्यांच्या जाळावर भाजलेली मोठी हिरवी वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली मिरची, कांद्याची पात आणि सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची ही भाकरी आमच्याकडे भरताबरोबर लागतेच. मी भरीत वाटीत घेतलं आणि चमच्याने खाल्लं. शेजारी बसलेल्या माणसाने थोडा वेळ पाहिलं आणि आपुलकीने विचारलं, "दाताचं काम चालू आहे का?" मी हो म्हणालो. ते सोपं होतं.

त्याच आठवड्यात सावद्याहून फोन आला. आमचं घर सावद्याजवळच्या एका खेड्यात आहे. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. शेत चुलतभावाला कसायला दिलेलं, आणि घरात आबा एकटे. वय अठ्ठ्याहत्तर. जळगावला या म्हटलं की म्हणायचे, "तुमच्या गच्चीवर मी काय पेरू?" फोन शेजारच्या काकांचा होता. आबा संध्याकाळी ओट्यावर बसले, ते उठेनात. दोघांनी धरून उठवलं. मी गाडी घेऊन गेलो. आबा म्हणाले, "काही झालं नही. पाय झोपला व्हता."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्यांना घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोजच्यासारखा काट्यावर उभा राहिलो, वहीत आकडा लिहिला आणि गंमत म्हणून त्यांनाही उभं केलं. एक्कावन्न. आदल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या कागदावर अठ्ठावन्न होतं, ते मला आठवत होतं.

"आबा, सात किलो! कसं केलं?"

"काहीच नही केलं," आबा म्हणाले. त्यांना थोडा अभिमानही वाटला असावा.

"काय खाता?"

"जे हाये ते."

हातात वही होती. मी खरोखरच लिहून घेणार होतो.

बायको दारात उभी होती. तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. म्हणाली, "अहो, त्यांच्या सदऱ्याची कॉलर बघितली? आत दुसरी मान बसेल. काल त्यांना लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडता आलं नाही. बरणी परत ठेवली आणि म्हणाले, आज लोणचं नको. आणि तुम्ही त्यांना विचारताय, कसं केलं!"

मी वही बंद केली. त्या दिवशी कामावर माझ्या हातून एकही पाईप बाजूला निघाला नाही. माझं लक्षच नव्हतं.

बायकोने दोघांचीही वेळ एकाच दवाखान्यात घेतली. डॉक्टरांनी आबांच्या सगळ्या तपासण्या करायला सांगितल्या. या वयात वजन आपोआप उतरलं तर आधी आजार नाही ना ते बघावं लागतं, असं ते म्हणाले. छातीचा फोटो, साखर, थायरॉईड, मूत्रपिंड. आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत मी काट्यावर उभा राहिलो नाही. रिपोर्ट आले. रक्त थोडं कमी होतं, बाकी सगळं ठीक. डॉक्टरांनी आम्हाला वरच्या मजल्यावर आहाराचं बघणाऱ्या मॅडमकडे पाठवलं.

मॅडम वयाने माझ्या मुलीएवढी असेल. तिने आबांना आधी खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. आबांनी दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा हात टेकून उठले आणि म्हणाले, "खुर्ची ठेंगनी हाये."

"हो, ठेंगणीच आहे," ती म्हणाली. "आजोबा, गावाला असताना दिवसभरात काय खायचे ते सांगा. सकाळपासून."

"सकायी चहा. चहात टोस."

"दुपारी?"

"भाकर. शेजारीन करून देते दोन. दुधात कुस्करतो."

"संध्याकाळी?"

"दुसरी भाकर. दुधात."

"दूध किती?"

"भाकर भिजे इतकं."

"आणि मधे काही?"

"केयी. केयीले आमच्याकडे तोटा नही."

"केळी, बरं. डाळ? उसळ?"

आबा म्हणाले, "एकट्या मानसाले डाय कोन शिजवते?"

मी खिडकीकडे पाहिलं. तीन वर्षं मी दर रविवारी फोन करून विचारत होतो, आबा, जेवले का? ते हो म्हणायचे. ते खोटं नव्हतं.

मग माझी पाळी आली. मी वही उघडून सगळं सांगितलं. पनीर किती, तूप किती, सकाळच्या कॉफीत लोणी. मी शिस्तीने केलं होतं आणि ते तिला दिसावं असं मला वाटत होतं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"भाज्या?"

"कधीकधी."

"पोट साफ होतं?"

बायको म्हणाली, "नाही."

मॅडम हसली नाही. म्हणाली, "काका, भाकरी सोडूनही लोकांचं वजन उतरतं, मी नाही म्हणत नाही. पण पहिल्या आठवड्यात गेलं त्यात बरंचसं पाणी होतं. तुमच्या रक्तात चरबी आधीच जास्त आहे आणि तुम्ही वरून लोणी घालताय. आणि मला सांगा, कळण्याची भाकरी तुम्ही जन्मभर सोडणार आहात का?"

मी भरताच्या पार्टीचा विचार केला आणि नाही म्हणालो.

"मग जे जन्मभर जमेल ते करू."

तिने एक कोरा कागद घेतला आणि ताट काढलं. गोल. अर्ध्या भागात भाजी आणि कोशिंबीर. राहिलेल्या अर्ध्यात निम्मी भाकरी किंवा भात, आणि निम्म्यात डाळ, उसळ, दही, पनीर किंवा अंडं, म्हणजे प्रोटीन. तेल-तूप चमच्याने मोजून. कार्ब ताकदीसाठी, प्रोटीन स्नायूंसाठी, फॅटही लागतं, पण ते थोड्यातच फार ताकद देतं म्हणून मोजायचं. तिन्ही हवेत, आणि प्रत्येक जेवणात हवेत. असं तिने सांगितलं आणि कागद माझ्याकडे दिला. मग आबांसाठी दुसरा कागद घेतला आणि त्यावरही तसंच ताट काढलं.

मी म्हणालो, "मॅडम, यांचं वाढवायचंय आणि माझं कमी करायचंय."

"हो ना."

"मग ताट एकच कसं?"

"तुम्ही भाकरी काढून टाकलीत आणि यांनी डाळ. दोघांच्याही ताटाचा एकेक भाग गळालाय, तो परत ठेवायचा. फरक एवढाच, आजोबांना दोन भाकरी, वर तूप आणि मधे केळी-दूध, शेंगदाणे. तुम्हाला एक भाकरी, तूप नाही, आणि तेल आत्ता वापरता त्याच्या निम्मं. दोघांनी रोज खुर्चीवरून उठबस करायची. नुसतं खाऊन स्नायू होत नाहीत. आजोबांचं जे गेलंय ते मांसच गेलंय." मग तिने मूत्रपिंडाचा रिपोर्ट पुन्हा एकदा पाहिला आणि म्हणाली, "हे चांगलं आहे म्हणून मी डाळ वाढवायला सांगतेय. सगळ्यांना असं सांगत नाही."

जिन्यावरून उतरताना आबांनी मला विचारलं, "ते मांस म्हनली का?"

"स्नायू, आबा."

"मंग ठीक."

दुसऱ्या दिवसापासून बायकोने कारभार हातात घेतला. महिन्याचं तेल तिने एका वेगळ्या बाटलीत काढलं आणि म्हणाली, एवढंच. शेवभाजीवरची लाल तर्री पहिल्यांदा गेली. तिच्या जागी जे आलं त्याला शेवभाजी म्हणायचं का, यावर आमचं एकमत झालं नाही. ज्वारीत उडीद घालून कळण्याचं पीठ दळून आणलं. उडदाची डाळ आठवड्यातून तीनदा, मटकीची उसळ, दही, मेथी, गिलके. आबांच्या भाकरीवर तूप पडायचं तेव्हा मी माझ्या कोशिंबिरीकडे बघायचो.

आबांना सुरुवातीला डाळ जास्त वाटायची. वाटी पुढे सरकवायचे. "सूनबाई, हे त्याले दे, तो मोठा हाये."

"आबा, ते मोठे आहेत म्हणूनच तुम्हाला दिलीय."

उठबस संध्याकाळी व्हायची. दोन खुर्च्या समोरासमोर. आबा मोजायचे, कारण मी मोजलं तर घाईत एखादी गाळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पहिल्या दिवशी त्यांच्या तीन झाल्या, माझ्या नऊ. माझे गुडघे वाजायचे.

"तुझे गुडघे कावून वाजू राहिले?"

"वजनामुळे."

"माझे नही वाजत."

"तुम्हाला वजनच नाही."

"तेच तर म्हनलो," आबा म्हणाले.

पहिले तीन आठवडे दोघांचाही काटा जागेवर होता. मला वाईट वाटलं, आबांना काही वाटलं नाही. शेतीत तीन आठवड्यांत काही दिसत नाही, असं त्यांचं मत. माझं पोट मात्र साफ व्हायला लागलं आणि कामावर लोक परत माझ्या टेबलाजवळ उभं राहून बोलायला लागले. चौथ्या आठवड्यात आबा एक किलो वर गेले आणि मी एक किलो खाली आलो. बायको म्हणाली, "म्हणजे घरातलं वजन घरातच राहिलं."

मधे एक लग्न आलं. वरण-बट्टीचा बेत होता. बट्टी म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे उकडून तळतात, आणि वरणात कुस्करून वर तूप ओततात. मी दोनच घ्यायच्या ठरवून बसलो आणि सहा खाल्ल्या. वाढणारा ओळखीचा होता. शेजारी आबा बसले होते. त्यांनी तीन खाल्ल्या आणि तीन वाट्या वरण मागून घेतलं. वाढणारा म्हणाला, "आबा, बट्टी घ्या ना, वरणानं काय होतं?" आबांनी त्याला स्नायूंबद्दल सांगितलं. बराच वेळ सांगितलं. पंगत उठायची वेळ झाली तरी सांगत होते.

पुढच्या भेटीला मी मॅडमला सहा बट्ट्यांचं कबूल केलं. मला वाटलं होतं ती रागावेल. ती म्हणाली, "दुसऱ्या दिवशी काय केलं?"

"उपास केला."

"तो नव्हता करायचा. दुसऱ्या दिवशी नेहमीचं ताट घ्यायचं. एका पंगतीने काही बिघडत नाही, पंगत आणि उपास यांच्या धरसोडीने बिघडतं."

चार महिन्यांनी आबा पंचावन्नवर आले आणि उठबस बारापर्यंत गेली. एक दिवस जेवताना त्यांनी जाहीर केलं, "आता मी घरी जातो."

मी म्हणालो, "आबा, तिथे परत दूध-भाकरीच होईल."

"व्हऊ दे."

"मग चार महिने कशाला केलं?"

आबा जेवत राहिले. मी आवाज चढवला. इथे काय कमी आहे, असं म्हणालो, जे म्हणायला नको होतं. आबांनी हात धुतला आणि बाहेर जाऊन बसले.

बायको त्यांच्यामागे गेली. काय बोलली ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून दोन लिटरचा कुकर आणला आणि आबांना ओट्याजवळ उभं केलं. आबा आयुष्यात कधी चुलीपुढे उभे राहिले नव्हते. एक वाटी डाळ, तीन वाट्या पाणी, हळद, तीन शिट्ट्या. पहिल्या दिवशी त्यांनी शिट्ट्या मोजल्या नाहीत, कारण शिट्टी झाली की ते मागे सरायचे आणि मोजायचं राहून जायचं. डाळ खाली लागली. दुसऱ्या दिवशी पाणी जास्त झालं. तिसऱ्या दिवशी मीठ दोनदा पडलं. त्यांनी ती पूर्ण वाटी खाल्ली आणि वर तांब्याभर पाणी प्यायलं.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होतो. म्हणालो, "आबा, तुम्ही कशाला हे..."

"तू बोलू नको," बायको म्हणाली. ती मला कधी तू म्हणत नाही.

आठव्या दिवशी डाळ जमली. आबांनी वरून लसूण-मिरचीची फोडणी घातली, तेल चमच्याने मोजून. ती खाताना मला आईची आठवण आली, पण चवीमुळे नाही. आई असती तर तिने त्यांच्या हातातून पळी काढून घेतली असती, असं वाटलं.

आबा गावी गेले. कुकर, ताटाचा कागद आणि एक छोटा वजनकाटा सोबत होता. आता रविवारी मी फोन करतो तेव्हा जेवले का असं विचारत नाही. काय जेवले, विचारतो. ते सविस्तर सांगतात, कधी कंटाळा येईल इतकं सविस्तर. शेजारच्या काकांनाही त्यांनी उठबस करायला लावली आहे. काकांच्या होत नाहीत, याचं त्यांना समाधान आहे.

कारखान्याची या वर्षीची तपासणी गेल्या महिन्यात झाली. माझं वजन शहाऐंशी आलं. साखर काठाच्या आत आली, रक्तातली चरबी उतरली, पण अजून थोडी वर आहे. डॉक्टर म्हणाले, "अजून कमी करा." मागे रांग होती. रांगेत पहिलाच माझ्या विभागातला तो कार्बवाला सहकारी उभा होता. त्याने आता रात्रीचं जेवण सोडलं आहे आणि मीही सोडावं असं त्याचं म्हणणं आहे. मी विचार करतो म्हणालो.

परवा गावी गेलो होतो. आबांना मला शेत दाखवायचं होतं. शेत पाहणं आता त्यांचं कामच नाही, पण चुलतभावाने नवीन बाग लावली होती आणि आबांना तिच्यात चुका दिसत होत्या. ते बांधावरून पुढे चालले. मी मागे. अर्ध्या वाटेत मला दम लागला, म्हणून ठिबकची नळी बघतो असं दाखवून खाली वाकलो. नळी ठीक होती. वर पाहिलं तर आबा शंभर पावलं पुढे गेलेले. चुलतभावाला हाताने दाखवत होते, हे झाड इथे नको होतं, ते तिकडे नको होतं. तो मान हलवत होता. मी पोहोचलो तेव्हा आबांचं बोलून झालं होतं आणि ते परत निघाले होते.

"चाल," ते मला म्हणाले, आणि मी पुन्हा त्यांच्या मागे निघालो.